छबिलदास आणि त्याच्या बाई

दादरला पश्चिमेला उतरून बाजाराच्या गर्दीतून वाट काढत निघालं की छबिलदासची गल्ली लागते. आता या गल्लीचं नाव काढलं की बहुतेकांना श्रीकृष्णचा बटाटेवडा आठवतो. साठी ओलांडलेल्या नाटकवाल्याला मात्र शाळेचा जिना आठवतो आणि जिना चढून गेल्यावर लागणारं शाळेचं सभागृह. शाळेचं पूर्ण नाव छबिलदास लल्लुभाई बॉईज हायस्कूल. पण मराठी नाटकाच्या इतिहासात तिच्या सभागृहाची नोंद नुसती ‘छबिलदास’ अशी आहे. ‘आज छबिलदासला प्रयोग आहे’ म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नसे.

दिसायला छबिलदास चारचौघांसारखा. नाट्यगृह म्हटल्यावर जे जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं त्याच्याजवळ जवळजवळ काहीच नव्हतं. उतरत्या रांगांतल्या गुबगुबीत खुर्च्या नाहीत, फिरता रंगमंच नाही, मेकअपसाठी आरशांची खोली नाही. शाळेच्या हॉलला जे लागतं तेवढं होतं: चार भिंती, वर पंखे, बाहेरचा उजेड आणि बाहेरचा गोंगाट आत घेणाऱ्या खिडक्या. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर शिवाजी मंदिर. ते १९६५ मध्ये उभं राहिलं आणि पाहता पाहता व्यावसायिक नाटकाचं माहेरघर झालं. तिथे ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड, मध्यंतरातला चहा, पुढच्या रविवारच्या प्रयोगाची जाहिरात, सगळं कसं घरंदाज. छबिलदासला हा मान नव्हता, आणि तो त्याने कधी मागितलाही नाही.

कारण छबिलदासचा मूळ पेशा शिक्षकाचा. सकाळी प्रार्थना, मग परीक्षेचे बाक, वर्षातून एकदा गॅदरिंग आणि बक्षीस समारंभ. पोरांचा कलकलाट, खडूची धूळ, हजेरीचे आवाज हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. नट होणं हे त्याचं दुसरं काम, संध्याकाळनंतरचं. दिवसा शाळा आणि रात्री नाटक अशा दोन पाळ्या त्याने दीड दशकाहून अधिक काळ केल्या. अशीच दुहेरी नोकरी एका बाईंनीही आयुष्यभर केली. त्या त्याच्याच शाळेत शिकवत होत्या. त्यांचं नाव सुलभा देशपांडे.

सुलभाताईंचा जन्म २१ फेब्रुवारी १९३७ चा, मुंबईतला. माहेरच्या त्या कामेरकर. फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजात शिकल्या आणि छबिलदासमध्ये शिक्षिका म्हणून लागल्या. मुलांच्या शाळेत तरुण शिक्षिकेने उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्याने अशी शाळा पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पोरं बाईंना पहिल्याच तासाला जोखतात. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो की नाही, चिडल्यावर बाईंचा चेहरा कसा होतो, त्यांचं लक्ष खरंच वर्गावर आहे की घड्याळावर, हे सारं त्यांना पाच मिनिटांत कळतं. असा प्रेक्षक तिकीट काढून येत नाही, त्यामुळे त्याला भीडही नसते. धडा वाचता वाचता मागच्या बाकावरची खुसफुस वाक्य न तोडता नुसत्या नजरेने थांबवायची, हे काम वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला रंगमंचावर ‘वावरायचं कसं’ हे निराळं शिकवावं लागत नाही. तो भाग झालेला असतो.

शाळेत मुलांची नाटकं व्हायची आणि त्या निमित्ताने सुलभाताई विजय तेंडुलकरांच्या लिखाणाच्या जवळ आल्या. तेंडुलकर म्हटलं की आपल्याला ‘सखाराम’ आणि ‘घाशीराम’ आठवतात, पण याच लेखकाने मुलांसाठीही पुष्कळ लिहिलं: ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘पाटलाच्या पोरीचं लगीन’, ‘राजाराणीला घाम हवा’. मोठ्यांच्या नाटकात समाजाची सालं काढणारा माणूस मुलांच्या नाटकातही त्यांना फसवत नाही, गोडगोड बोलत नाही. अशी नाटकं बसवायची तर मुलांकडून पोपटपंची करून घेऊन भागत नाही. ती आधी मुलांना कळावी लागतात. बसवणाऱ्याला दिग्दर्शक आणि शिक्षक दोन्ही व्हावं लागतं, आणि यातलं काय कधी व्हायचं याचा तोल त्याला सांभाळावा लागतो.

१९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू झालं. विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी ती मंडळी. गल्ल्याकडे न पाहता नाटकाकडे पाहायचं, एकेका वाक्यावर दिवस घालवायचे, प्रेक्षक थोडे असले तरी चालतील पण ते जागे हवेत, असा त्यांचा खाक्या. सुलभाताई या घरात आल्या, रमल्या. अरविंद देशपांडे त्यांचे पती. नट आणि दिग्दर्शक म्हणून त्यांची नजर कडक होती. शाळेतल्या बाईंची ही दुसरी शाळा, आणि इथे त्या विद्यार्थिनी होत्या.

मग १९६७ आलं आणि तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’.

या नाटकात छबिलदासचं एक भावंड आहे, असं मला वाटत आलं आहे. अख्खं नाटक घडतं ते एका गावातल्या साध्या हॉलमध्ये. मुंबईची एक हौशी मंडळी तिथे अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली आहे. रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांवर, जॉन्सनवर, अण्वस्त्रांवरून खटला चालवायचा आहे. मध्ये वेळ मोकळा आहे. गावातल्या सामंताला कोर्ट म्हणजे काय हे दाखवायचं म्हणून ते एक लुटुपुटीचा खटला रचतात आणि आरोपी करतात आपल्यातल्याच मिस लीला बेणारेला. हाताशी असलेल्या फर्निचरमधून कोर्ट उभं राहतं. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील. पोंक्षे, कर्णिक, रोकडे साक्षीला. खेळ म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण बघता बघता त्या बाईच्या खासगी आयुष्यावर जातं आणि तिथून उठतच नाही. ज्याच्यापासून तिला दिवस गेले तो प्राध्यापक दामले नाटकभर येतच नाही. त्याच्यावर खटला नाही.

त्या हॉलने तेंडुलकरांच्या हाताखाली पात्राचं काम केलं आहे. बेणारे पहिल्यांदा आत येते तेव्हाच दाराच्या कडीत तिचं बोट चिमटतं. पुढे ती निघून जाऊ पाहते तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेलं असतं, आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात मिळालेली ही सूचना शेवटपर्यंत खरी ठरत जाते.

आणि बेणारे कोण? शाळेतली शिक्षिका. वर्गातल्या पोरांच्या डोळ्यांतली उत्सुकता हेच तिचं धन. आपण कधी उशिरा जात नाही, मुलांना जीव लावतो, शिकवण्यात बोट ठेवायला जागा नाही, हे ती सुरुवातीलाच अभिमानाने सांगते. आणि खटल्याच्या शेवटाकडे कळतं की संस्थाचालकांनी तिची नोकरी काढून घ्यायचं ठरवलं आहे. तिच्या पोटातल्या मुलावर समाजाचा हक्क, आणि तिने शिकवलेल्या मुलांवरचा तिचा हक्क मात्र काढून घेतलेला, अशी ही विलक्षण शिक्षा. सुलभाताईंऐवजी दुसऱ्या कुठल्या नटीने बेणारे केली असती तर तिला शिक्षिका ‘उभी’ करावी लागली असती. चष्मा, छत्री, खांद्यावरची पिशवी यांची मदत घ्यावी लागली असती. सुलभाताईंना ते करायचंच नव्हतं. वर्गात शिरताना बाईंचं शरीर कसं बदलतं, लहान मुलाशी बोलताना आवाज कुठून निघतो आणि मोठ्या माणसांच्या बैठकीत तोच आवाज कसा चढतो, हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. म्हणून त्यांच्या बेणारेची गंमत खरी वाटे. तिचं खिदळणं, गाणं गुणगुणणं, पुरुषांची टर उडवणं यात कुठे ‘पुढे काय होणार आहे’ याची चाहूल नसे. ही बाई आधी खरीखुरी आनंदी दिसली, तरच तिला घेरणं सहन होण्यापलीकडचं ठरतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी राज्य नाट्य स्पर्धेसाठी ‘रंगायन’तर्फे हे नाटक बसवलं, आणि मराठी रंगभूमीवर ‘बेणारेबाई’ हे नाव सुलभाताईंशी कायमचं जोडलं गेलं.

शेवटच्या स्वगताची गोष्ट नाटकवाल्यांमध्ये पुष्कळदा सांगितली जाते. तेंडुलकरांच्या मनात ते आधी नव्हतं. बेणारे गप्प राहील, एवढंच त्यांना दिसत होतं. दिग्दर्शकाने आग्रह धरला की तिने बोललं पाहिजे, आणि मग ते लिहिलं गेलं. त्याची रचना अजब आहे. न्यायाधीश आरोपीला बचावासाठी दहा सेकंद देतात. ती हलत नाही. मग बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि ती बोलू लागते: जगण्याबद्दल, शरीराबद्दल, ज्यांच्यावर जीव टाकला त्या पुरुषांबद्दल, आणि मुलांबद्दल. ते संपतं तेव्हा कोर्टाच्या हिशेबात दहा सेकंदच गेलेले असतात आणि आरोपी काहीच बोललेली नसते. नटीला हे किती अवघड आहे पाहा. समोरच्या पात्रांना ती ऐकू जाता कामा नये, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या कानात तिचा शब्दन्‌शब्द पडला पाहिजे. ते स्वगत पुढे स्पर्धांमध्ये, परीक्षांमध्ये शेकडो मुलींनी म्हटलं, अजूनही म्हणतात. बहुतेकजणी पहिल्या ओळीपासून रडायला लागतात. या स्वगतात रडण्यापेक्षा हिशेब मांडणं जास्त आहे, हे सुलभाताईंना पक्कं ठाऊक होतं. बेणारे तिथेही शिक्षिकाच आहे. आपल्या आयुष्याचा धडा ती स्वतःलाच समजावून सांगते आहे.

१९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी याच नाटकावर मराठी चित्रपट केला. कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी, पडद्यावर नवखा अमोल पालेकर, आणि बेणारे अर्थातच सुलभाताई. नाट्यगृहात लांबून दिसणारी बाई तिथे तळहाताच्या अंतरावर आली.

त्याच सुमारास ‘रंगायन’ची घडी विस्कटली. अरविंद आणि सुलभा देशपांडे बाहेर पडले आणि १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था निघाली. पहिली उडी मोठी होती: गिरीश कार्नाडांचा ‘तुघलक’, तेंडुलकरांचा अनुवाद, आणि मुख्य भूमिकेत अरुण सरनाईक. पण अशा भव्य प्रयोगाची झेप वर्षातून एकदा घेता येते. रोजचं काय? नव्या लेखकाचं नाटक, दहा माणसांना आवडेल की नाही याची खात्री नसलेलं, ते कुठे करायचं? मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडायचं नाही. आणि परवडलं तरी तिथल्या तारखा आधीच व्यावसायिक नाटकांच्या नावाने लिहिलेल्या.

उत्तर बाईंच्या रोजच्या पायाखालचं होतं. ज्या शाळेत त्या शिकवत होत्या तिचं सभागृह संध्याकाळी रिकामंच असायचं. १९७४ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाले. मुंबईतलं पृथ्वी थिएटर उभं राहायला अजून चार वर्षं होती. छबिलदासच्या दुसऱ्या पाळीची सुरुवात अशी झाली.

नट म्हणून छबिलदासचा स्वभाव तिथे काम केलेल्यांच्या लवकरच लक्षात आला. तो गरीब होता, म्हणून त्याच्याकडे येणाऱ्यालाही गरिबीत राहावं लागे. भाडं नाममात्र, तिकीट स्वस्त आणि नेपथ्य जिन्यातून वर चढेल तेवढंच. तीन मजली वाडा उभा करणारा नेपथ्यकार इथे निरुपयोगी. एक बाक, दोन खोके, मागे काळा कपडा, आणि बाकी सगळं नटाच्या अंगावर. त्यामुळे वाक्यं टाकून टाळी घेणाऱ्या नटाची छबिलदासमध्ये पंचाईत व्हायची. प्रेक्षक इतका जवळ की खोटा श्वास पकडला जायचा. डोळा कुठे गेला, हात का थरथरला, हे सगळं उघड्यावर. शाळेच्या बाईंना हे नवं नव्हतं, कारण वर्गातही असंच असतं.

दुसरं म्हणजे तो जिद्दी होता. खाली दादरची गल्ली. फेरीवाल्यांचा आरडाओरडा, हॉर्न, गणपतीच्या दिवसांत ढोलताशे. हे आवाज न विचारता नाटकात शिरायचे. नटाला थांबायचं की बोलत राहायचं हे क्षणात ठरवावं लागे. या सक्तीने एक शिस्त आली, ती वातानुकूलित नाट्यगृहात वाढलेल्या पुढच्या पिढीला फारशी मिळाली नाही.

तिसरं म्हणजे त्याला कुठल्याही एका बाजूने बसण्याचा हट्ट नव्हता. खुर्च्या हलवता येत होत्या. त्यामुळे नाटक समोर करा, मध्यभागी करा, प्रेक्षकांच्या घोळक्यातून करा, त्याची ना नसे. बादल सरकारांचं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी तिथे केलं तेव्हा नट प्रेक्षकांतूनच वावरत होते. ‘रंगमंच’ आणि ‘प्रेक्षागृह’ यांच्यामध्ये जी रेघ मराठी नाटकाने शतकभर पाळली होती, ती त्या हॉलमध्ये आपोआप पुसली गेली, कारण तिथे ती मुळातच कुणी आखलेली नव्हती.

आणि चौथं, तो आपपरभाव करत नसे. ‘आविष्कार’ने हा हॉल स्वतःपुरता ठेवला नाही. इतर संस्था आल्या, पुण्याहून मंडळी आली. जयदेव हट्टंगडी यांच्यासारखे दिग्दर्शक इथे काम करत, सत्यदेव दुबे यांचा वावर असे. अरुण काकडे, सगळ्यांचे काकडेकाका, तारखा, हिशेब आणि माणसं सांभाळत राहिले. त्यांच्याशिवाय छबिलदास एक दिवस चालला नसता, असं त्या काळातली मंडळी सांगतात. या सगळ्याला पुढे ‘छबिलदास चळवळ’ असं नाव पडलं. चळवळ म्हटलं की जाहीरनामा लागतो, नेता लागतो. इथे भाडं कमी होतं आणि दार उघडं होतं. जाहीरनामा म्हणून तेवढंच.

या सगळ्या धामधुमीत सुलभाताईंनी जे काम शांतपणे केलं त्याचा गाजावाजा कमी झाला. ते काम म्हणजे ‘चंद्रशाला’, ‘आविष्कार’चा मुलांसाठीचा विभाग. बालनाट्य हा प्रकार आपल्याकडे सुट्टीतला धंदा म्हणून बदनाम आहे. राक्षस, चेटकीण, परी, दोन गाणी आणि शेवटी फुगे. ‘चंद्रशाले’ची चाल वेगळी होती. इथे मुलांना नाटक दाखवण्यापेक्षा मुलांना नाटक करायला लावणं महत्त्वाचं. ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य त्याचा सगळ्यांत मोठा नमुना. गुरू पार्वतीकुमारांनी त्याचं नृत्य बसवलं. मुलांचा प्रचंड ताफा रंगमंचावर, आणि तरीही कुणी हरवलेलं नाही, कुणी दुसऱ्याच्या पुढे धावलेलं नाही. वर्षानुवर्षं हे नाटक चालत राहिलं. एक पिढी मोठी झाली की तिच्या जागी दुसरी उभी राही. पुढे नट, नर्तक, तंत्रज्ञ झालेल्या कितीतरी जणांचं पहिलं पाऊल या नृत्यनाट्यातल्या कुठल्या तरी मागच्या रांगेत पडलेलं आहे.

मागची रांग हा अभिनयाचा खरा वर्ग असतो. पुढे उभ्या असलेल्या मुलाला वाक्य असतं, टाळी असते. मागच्याला वाट पाहायची असते. विंगेत आवाज न करता उभं राहायचं, आपली पाळी आली की नेमक्या मात्रेवर बाहेर यायचं, काम झालं की कुणाच्या लक्षात न येता परत जायचं. हे ज्याला दहाव्या वर्षी जमलं तो पुढे नट होवो न होवो, दुसऱ्याचं ऐकायला शिकलेला असतो. समोरच्याचं ऐकणं हेच तर नटाचं पहिलं काम. बोलणं त्यानंतरचं. पाठ्यपुस्तकातला धडा असो की नाटकातला संवाद, शिक्षकाची परीक्षा एकच: आपण नसताना मुलाला ते येतं का.

तेंडुलकरांच्या ‘राजाराणीला घाम हवा’वर सुलभाताईंनी १९७८ मध्ये स्वतः हिंदी बालचित्रपटही दिग्दर्शित केला, ‘राजा रानी को चाहिए पसीना’. राजाराणीला घाम गाळण्याची शिकवण देणारी ही गोष्ट शाळेतल्या बाईंनीच पडद्यावर आणावी, हे योग्यच झालं.

इकडे चित्रपटातली त्यांची कामंही सुरू होती. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’मधली नायिकेची आई, ‘जैत रे जैत’, ‘गमन’, ‘विजेता’. ‘चौकट राजा’मधली नंदूची आई तर घराघरांत पोचली. मतिमंद मुलाला एकटीने वाढवणारी बाई. दिलीप प्रभावळकरांचा नंदू लक्षात राहतो हे खरंच, पण त्या नंदूला उभं राहायला जमीन देण्याचं काम या आईने केलं आहे. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये त्या श्रीदेवीच्या सासूबाई होत्या. वाक्यं मोजकी, पण आपल्या सुनेच्या अपमानाची जाण असलेली सासू त्यांनी नुसत्या पाहण्यातून उभी केली. चित्रपटसृष्टीने त्यांना आया आणि सासवाच दिल्या. बेणारे करणाऱ्या नटीला तेवढंच द्यावं, ही त्या सृष्टीच्या कल्पनाशक्तीची मर्यादा. पण छबिलदासमध्ये घडलेल्या नटाला लहान कामात कमीपणा वाटत नाही. दोन खोके आणि काळ्या कपड्यावर नाटक उभं करणाऱ्याला चार वाक्यं पुरतात.

३ जानेवारी १९८७ ला अरविंद देशपांडे गेले. त्याच वर्षी सुलभाताईंना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘आविष्कार’ने अरविंद देशपांडे यांच्या स्मृतीसाठी दर जानेवारीत नाट्यमहोत्सव सुरू केला, आणि तोही नव्या नाटकांचं व्यासपीठ झाला. जाणाऱ्याच्या आठवणीसाठी येणाऱ्याला जागा द्यायची, हा या घराचा रिवाजच म्हणायचा. पुढे २०१० मध्ये ‘तन्वीर सन्मान’ही सुलभाताईंना मिळाला.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासची दुसरी पाळी संपली. हॉल पुन्हा शाळेचा झाला. यात कुणाला दोष द्यावा असं काही नाही. हॉल शाळेचाच होता, तो नाटकाला दिला गेला हेच जगावेगळं होतं. ‘आविष्कार’ माहीमला महापालिकेच्या शाळेत गेलं. पुन्हा शाळाच. तिथेही तालमी झाल्या, चेतन दातारांसारखे नवे लेखक-दिग्दर्शक उभे राहिले. पण मुंबईच्या मधोमध, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, कुणीही उठून यावं आणि काहीही करून पाहावं अशी जागा परत मिळाली नाही.

छबिलदासच्या दिवसांचं कौतुक करताना त्यातली झीजही सांगायला हवी. तिथे नटांना मानधन नव्हतं. पंख्याखाली घाम निथळत असे आणि कधीकधी प्रेक्षक नटांपेक्षा कमी असत. ज्यांनी नाव कमावलं त्यातले बरेचजण पोटासाठी सिनेमात आणि मालिकांत गेले. सुलभाताईही गेल्या. प्रायोगिक नाटकाने कुणाचं घर चालवलं नाही. पण ज्यांची घरं इतर ठिकाणी चालली, त्यांच्या हाताला जे वळण लागलं ते छबिलदासमध्ये लागलं, ही गोष्ट त्यांच्यापैकी बहुतेकांनी जाहीरपणे कबूल केली आहे.

४ जून २०१६ रोजी मुंबईत सुलभाताईंचं निधन झालं. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. वर्तमानपत्रांनी ‘ज्येष्ठ अभिनेत्री’ असं लिहिलं आणि ते बरोबरच होतं. पण ते अर्धं होतं. त्यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग शिक्षिकेचा. मराठी प्रायोगिक रंगभूमीची राजधानी दीड दशकाहून अधिक काळ एका शाळेत राहिली याचं मूळ शोधलं, तर तिथे एक शिक्षिका सापडते. तिला संध्याकाळचा हॉल रिकामा दिसला आणि तो तसाच राहावा हे तिला पटलं नाही.

महाराष्ट्रात गावोगावच्या शाळांमध्ये असे हॉल आहेत. चार भिंती, वर पंखे, आणि शाळा सुटल्यावर दाराला कुलूप. नाट्यगृहं बांधायला पैसे लागतात, वर्षं लागतात, उद्‌घाटनाला मंत्री लागतात. हॉल उघडायला किल्ली लागते. शाळा चालवणाऱ्यांनी ती किल्ली आठवड्यातून दोन संध्याकाळी गावातल्या नाटकवेड्या पोरांना द्यावी, आणि बरोबर एक शिक्षिका द्यावी. छबिलदासला जे जमलं ते दुसरीकडे जमणारच नाही, असं मानायला काही कारण दिसत नाही.